मूठमाती

सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ या जुन्या ग्रीक नाटकाचं पहिलं वाक्य मराठीत आणायला मला अकरा दिवस लागले. ‘ओ कोइनोन आउतादेल्फोन इस्मेनेस कारा.’ पाचच शब्द आहेत. रात्र सरत आलीय, थीब्जच्या राजवाड्याच्या दाराबाहेर दोन बहिणी उभ्या आहेत, आणि एक दुसरीला हाक मारतेय. शब्दाला शब्द ठेवला तर ‘हे सामाईक, सख्ख्याहून सख्ख्या, इस्मेनीच्या मस्तका’ असं काहीतरी होतं. असं वाक्य नटीच्या तोंडी देता येत नाही. मी वाचलेल्या इंग्रजी भाषांतरांनी तिथे बहुतेक ‘माझी लाडकी बहीण’ अशा वळणाचं काहीतरी करून वाट काढली होती. मीही तेच करणार होते. पण ‘अदेल्फोस’ या शब्दापाशी थांबले. त्याचा अर्थ भाऊ. फोड केली तर ‘एका गर्भाचा’. आपला सहोदर शब्द नेमका असाच घडलाय. सह आणि उदर. मग लक्षात आलं की अँटिगनी इथे लाडानं बोलत नाहीये, ती कुशीची आठवण करून देतेय. आणि ती कूस योकास्टाची, म्हणजे या मुलींची आई आणि त्यांच्या बापाचीही आई. ‘सामाईक’ या एका शब्दात त्या घराण्याचा सगळा शाप आहे.

‘इस्मेनी, एका रक्ताची, एका कुशीतली तू.’ शेवटी एवढंच ठेवलं. ‘माझ्या पाठची’ हे कानाला फार गोड लागत होतं, पण दोघींत धाकटी कोण ते नाटक सांगत नाही, म्हणून ते सोडलं.

आमचा सांगलीतला गट दहा-बारा जणांचा, सगळे हौशी. कुणी बँकेत, कुणी शिक्षक, एक औषधांचा दुकानदार. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. संस्कृत घेऊन बी. ए. केलं होतं, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. 2022 च्या पावसाळ्यात एखाद्या जुन्या ग्रीक नाटकाचं अभिवाचन करावं असं ठरलं आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीवरून करायचं, असाच बेत होता. पण चार इंग्रजी भाषांतरं शेजारी मांडली तर एकाच ओळीत एकजण ‘कायदा’ म्हणत होता, दुसरा ‘आज्ञा’, तिसरा ‘परंपरा’. मूळ शब्द काय आहे ते बघितल्याशिवाय पुढे जाणं मला बरं वाटेना. मग हिरव्या कव्हराची, डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असलेली प्रत मागवली आणि चोवीस अक्षरं गिरवायला बसले.

ग्रीक मला येतं असं मी म्हणणार नाही. एकेक ओळ कोश आणि टीपा घेऊन उलगडत गेले, एवढंच. पण संस्कृतची पाटी कोरी नसल्यामुळे काही गोष्टी पटकन ओळखीच्या वाटल्या. द्विवचन त्यातलं पहिलं. ग्रीकमध्येही दोघांसाठी वेगळं रूप आहे. पहिल्या प्रसंगात अँटिगनी बोलते ती ‘आपणा दोघींना’, ‘आपले दोघे भाऊ’ असं. इटिओक्लीस आणि पोलिनायकीस हे दोघे भाऊ एकमेकांच्या हातून मेलेत. एक शहराच्या बाजूनं लढताना, दुसरा आर्गोसचं सैन्य घेऊन शहरावर चालून आलेला. पहिल्याला मानानं पुरलंय. नवा राजा क्रेऑन याचा हुकूम आहे की दुसऱ्याला कुणी पुरायचं नाही, त्याच्यासाठी रडायचं नाही, त्याला कुत्र्या-पक्ष्यांसाठी उघड्यावर टाकायचं. जो मोडेल त्याला भर चौकात दगडांनी ठेचून मारायचं. अँटिगनी बहिणीला विचारते, हात लावशील का? इस्मेनी नाही म्हणते. तिचंही चुकत नाही. आपण दोघीच उरलोय, बायका आहोत, सत्ता त्यांच्या हातात आहे, मेलेले मला क्षमा करतील, असं ती म्हणते. आणि तिथून पुढे अँटिगनीच्या बोलण्यात ‘मी’ येतो आणि ‘तू’ येतो.

मराठीत द्विवचन नाही. पण ‘आपण’ आहे. ऐकणाऱ्याला पोटात घेणारा ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’, हा भेद इंग्रजी सर्वनामांत नाही. मी पहिल्या पन्नासेक ओळींत जागोजाग ‘आपण’ पेरला आणि नकारानंतर तिच्या तोंडून तो काढून घेतला. तालमीत इस्मेनी वाचणाऱ्या मुलीनं हे कुणी न सांगता पकडलं. ‘ताई, इथून पुढे ती मला मोजत नाही ना?’ असं तिनं विचारलं, तेव्हा त्या अकरा दिवसांचं मला काही वाटेनासं झालं.

दुसरा शब्द तर हातात येऊन पडला. अँटिगनी क्रेऑनच्या हुकुमाला ‘केरिग्मा’ म्हणते. ‘केरिक्स’ म्हणजे राजाचा किंवा सेनापतीचा निरोप मोठ्यानं ओरडून सांगणारा माणूस, आणि तो ओरडतो ते केरिग्मा. घोषणा, जाहीरनामा, फतवा, सगळं घालून बघितलं. मग एका रविवारी वडिलांना वाचून दाखवत होते तर ते सहज म्हणाले, ‘म्हणजे दवंडीच की.’ दवंडी! गावच्या चावडीपासून निघालेली, डफावर थाप मारत गल्लीबोळांतून जाणारी, आज आहे आणि उद्या हवेत विरणारी. आठव्याच ओळीत अँटिगनी विचारते, ‘सेनापतीनं आत्ता गावभर कसली दवंडी पिटलीय म्हणे?’ ती राजा म्हणत नाही, सेनापती म्हणते. सोफोक्लीसही पुढे अथेन्सचा सेनापती म्हणून निवडून आला, सॅमॉस बेटावरच्या मोहिमेच्या वेळी. हे नाटक गाजलं म्हणून त्याला निवडलं अशी जुनी आख्यायिका आहे, आणि नाटकाचा काळ ख्रिस्तपूर्व 441 च्या आसपासचा मानतात तो तिच्याच आधारानं. म्हणजे हुकूम सोडण्याचं काम पुढे लिहिणाऱ्याच्याही वाट्याला आलं.

आता खरी अडचण. ‘नोमोस’. कायदा, रीत, परंपरा हे सगळं त्या एकाच शब्दात येतं.

या नाटकाबद्दल बोलताना आपण सगळे सवयीनं म्हणतो की क्रेऑन राज्याच्या कायद्याच्या बाजूनं आहे आणि अँटिगनी धर्माच्या. मीही वर्गात असंच सांगितलं असतं. त्यामुळे पहिल्या खर्ड्यात क्रेऑनला मी ‘कायदा’ दिला आणि अँटिगनीला ‘धर्म’. वाचायला फार छान लागत होतं. राजाचा कायदा, देवाचा धर्म, टक्कर झाली, टाळी पडली. मग ग्रीक ओळी तपासायला बसले आणि खर्डा तिथेच कोसळला.

449 व्या ओळीत क्रेऑन विचारतो, ‘तू हे नोमोस ओलांडायला धजावलीस?’ तीनच ओळींनंतर अँटिगनी म्हणते की न्यायदेवतेनं माणसांसाठी असले नोमोस घातलेले नाहीत. शब्द तोच. पुढे ती म्हणते, पाताळाला हेच नोमोस हवे आहेत. परत तोच. आणि नाटकाच्या शेवटाकडे, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याचं भाकीत ऐकून हादरलेला क्रेऑन म्हणतो की घालून दिलेले नोमोस आयुष्यभर पाळत जगणं हेच बरं, अशी मला आता भीती वाटतेय. तिथे त्याच्या तोंडी ‘कायदा’ घातला तर वाक्य निरर्थक होतं, ‘धर्म’ घातला तर तो अचानक दुसऱ्या पक्षात गेल्यासारखा वाटतो. मूळ नाटकात ते दोघं एकाच शब्दाच्या दोन टोकांना धरून ओढतायत. मी दोघांना दोन वेगळे दोर देऊन त्यांचं भांडणच सोडवून टाकलं होतं. तेसुद्धा अँटिगनीच्या बाजूनं, कारण मराठीत ‘धर्म’ म्हटलं की अर्धा प्रेक्षक आधीच उठून उभा राहतो.

मग एकच शब्द शोधायचा, दोघांना पुरेल असा. ‘नियम’ शाळेच्या फळ्यावरचा वाटला. ‘शास्त्र’ भटजींच्या बाजूला झुकत होतं. ‘नेम’ या शब्दानं मला आठवडाभर नादी लावलं. नेमधर्म, देवाचा नेम, आणि नोमोसशी आवाजही जुळतो. पण ते साम्य योगायोगाचं. आपला नेम ‘नियम’वरून आला, त्यांचा नोमोस ‘वाटून देणे’ या अर्थाच्या धातूवरून. शिवाय ‘माझा नेम मोडलास’ असं क्रेऑन म्हणाला की त्याचा उपास मोडल्यासारखं वाटायचं. शेवटी ‘दंडक’ सापडला. घराण्याचा दंडक असतो, देवळाचा असतो, दरबाराचाही असतो. तो लिहिलेला असायला लागत नाही, आणि त्याच्या पोटात दंड आहेच. अँटिगनी मध्येच एकदा ‘नोमिमा’ असा जरा मऊ, रुळलेला शब्द वापरते, तिथे ‘रीत’ ठेवली. मग ते सुप्रसिद्ध बोलणं असं झालं:

‘हो. ही दवंडी मला झ्यूसनं दिली नव्हती. पाताळातल्या देवांच्या घरी नांदणाऱ्या न्यायदेवतेनंही माणसांसाठी असले दंडक घातलेले नाहीत. आणि तुमच्या दवंडीत एवढं बळ असेल असं मला वाटलं नाही, की मरणाऱ्या माणसानं तिच्या जोरावर देवांच्या न लिहिलेल्या, न ढळणाऱ्या रीती ओलांडाव्यात. त्या आजकालच्या नाहीत. त्या सदाच्या जित्या आहेत, आणि कधीपासूनच्या ते कुणालाच ठाऊक नाही.’

‘आजकालच्या’ हा शब्द मी बनवलेला नाही. ग्रीकमध्ये अक्षरशः ‘आत्ताच्या आणि कालच्या’ असंच आहे. अडीच हजार वर्षं आणि एवढा समुद्र ओलांडून दोन भाषांनी तीच गोष्ट त्याच तऱ्हेनं म्हणावी, याचा मला आजही आनंद होतो.

त्यातला ‘तुमच्या’ मात्र माझा निर्णय. ग्रीकमध्ये तू आणि तुम्ही असा मानाचा फरक नाही. मराठीत तो टाळता येत नाही, आणि क्रेऑन तिचा मामा आहे. योकास्टाचा सख्खा भाऊ. हे आपण विसरूनच जातो, कारण इंग्रजीत काका, मामा सगळे एकाच शब्दात बसतात. क्रेऑन स्वतः म्हणतो, ‘बहिणीची मुलगी असो, नाहीतर घरच्या देवापुढे बसणाऱ्या सगळ्यांहून जवळची असो, ती सुटणार नाही.’ बहिणीची मुलगी, म्हणजे भाची! आपल्याकडे कितीतरी घरांत मामा भाचीच्या पाया पडतो. लग्नात तिला बोहल्यावर आणतो मामा, अंतरपाटाच्या वेळी तिच्या मागे उभा राहतो मामा. आणि इथे, मामाच्याच मुलाशी, हायमॉनशी, लग्न ठरलेली ही मुलगी थडग्याकडे जाताना म्हणते, ‘हे थडग्या, हे माझ्या लग्नाच्या खोली.’ हे भाषांतर करताना मी उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या. अँटिगनी वाचणाऱ्या आमच्या मैत्रिणीला एकदा तरी ‘मामा’ अशी हाक मारायची होती. फार मोह झाला. पण मूळ नाटकात ती त्याला नात्यानं हाक मारत नाही. कदाचित तेच खरं आहे. नातं तोंडावर येत नाही आणि ‘तुम्ही’त गोठून राहतं.

क्रेऑन मला सगळ्यात शेवटी समजला, आणि तो पुस्तकातून समजला नाही.

त्याचं पहिलं भाषण मी ‘फर्मान’, ‘गद्दार’ अशा शब्दांनी भरलं होतं. वाचणारे आमचे सहकारी नगरपालिकेत नोकरी केलेले, आता निवृत्त. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यांची ड्यूटी स्मशानभूमीच्या फाटकावर होती. दुसऱ्या तालमीत त्यांनी वाचता वाचता कागद खाली ठेवला आणि म्हणाले, ‘बाई, हा माणूस दुष्ट नाही. तुम्ही त्याला दुष्ट करून ठेवलाय.’ मग जे कधी बोलले नव्हते ते बोलले. प्लास्टिकमध्ये बांधलेले देह गाडीतून यायचे. घरचे लोक फाटकाशी उभे. कुणी म्हणायचं तोंड तरी बघू द्या, कुणी गंगाजळाची बाटली पुढे करायचं, एका मुलानं तुळशीचं पान तेवढं ठेवतो म्हणून पाय धरले. ‘मी नाही म्हटलं. रोज नाही म्हटलं. नियमच तसा होता आणि तो नियम बरोबर होता, माणसं वाचवायला होता. मी परत त्याच जागी उभा राहिलो तर परत नाहीच म्हणेन. पण त्या मुलाचा चेहरा जात नाही.’

खोलीत कुणी हललं नाही. त्या रात्री घरी येऊन मी क्रेऑनचं भाषण पुन्हा काढलं. शहर म्हणजे आपल्याला तारून नेणारी नाव आहे, ती सरळ चालत असेल तरच माणसाला मित्र जोडता येतात, जो देशापेक्षा आप्ताला मोठा मानतो त्याची माझ्या लेखी काही किंमत नाही. यात खोटं काय आहे? आदल्या रात्रीपर्यंत शहराला वेढा होता. आणि तो देवांना सोडूनही बोलत नाही. सगळं पाहणाऱ्या झ्यूसला साक्ष ठेवूनच बोलतो. त्याचा सवाल आहे की जो खांबांची देवळं जाळायला आला, त्याला देव मान देतील का? म्हणजे देव त्याच्याकडेही आहेत. शहराचे, उजेडातले, मंदिरांतले देव. अँटिगनीचे देव जमिनीखालचे, घरातल्या मेलेल्यांना सांभाळणारे. मी ‘फर्मान’ काढलं, ‘गद्दार’ काढला, आणि ते भाषण जसं होतं तसं, स्वच्छ, ठाम मराठीत लिहिलं.

मग अथेन्समधलं वाचत गेले तसं लक्षात आलं की मूळ प्रेक्षकांनाही क्रेऑन राक्षस वाटत नव्हता. ख्रिस्तपूर्व 343 मध्ये, म्हणजे नाटकानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, डेमॉस्थेनीस या वक्त्यानं भर न्यायसभेत क्रेऑनचं हेच भाषण कारकुनाकडून वाचून घेतलं, देशनिष्ठेचा नमुना म्हणून. ज्याच्यावर आरोप होता तो एस्किनीस पूर्वी नट होता आणि त्यानं क्रेऑनचंच काम केलेलं होतं. एवढी वाक्यं पाठ करूनही तू देशाला विकलंस, असा तो टोला. त्याच अथेन्समध्ये देशद्रोही आणि देवळं लुटणारे यांना अथेन्सच्या मुलखात, म्हणजे अ‍ॅटिकाच्या भूमीत पुरायला बंदी होती. ज्यानं सॅलमिसच्या समुद्रात इराणी आरमारापासून ग्रीस वाचवला तो थेमिस्टोक्लीस पुढे देशद्रोही ठरून परमुलखात मेला. त्याच्या नातेवाइकांनी त्याची हाडं गुपचूप आणून अ‍ॅटिकात पुरली, असं ते सांगत असल्याचं इतिहासकार थुसिडिडीस नोंदवतो. म्हणजे नाटक बघायला बसलेल्यांना ‘बंदी मोडून केलेलं दफन’ ही पुराणातली कथा वाटायचं कारण नव्हतं. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की अथेन्सच्या कायद्यात देह हद्दीबाहेर नेऊन पुरता येत होता. क्रेऑननं तो हद्दीतच उघडा ठेवला आणि वर पहारा बसवला.

मेलेलं माणूस कुणाचं, घराचं की शहराचं, यावर त्या शहरात खरंच ओढाताण होती. युद्धात पडलेल्यांची हाडं सरकार गोळा करायचं, प्रत्येक टोळीची एक अशा सायप्रसच्या लाकडाच्या पेट्यांत भरायचं, ज्यांचे देह मिळाले नाहीत त्यांच्यासाठी एक रिकामी, आच्छादलेली शय्या मिरवायचं. डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटकं सुरू होण्याआधी युद्धात बाप गमावलेली, सरकारनं वाढवलेली मुलं चिलखत घालून प्रेक्षकांपुढून जायची. त्या मुलांनी अँटिगनी कशी ऐकली असेल? आणि ख्रिस्तपूर्व 406 मध्ये, आर्गिनुसाईची लढाई जिंकूनही, वादळात बुडणाऱ्यांना आणि मेलेल्यांना पाण्यातून उचलून आणलं नाही म्हणून याच शहरानं आपल्या सहा सेनापतींना मृत्युदंड दिला. सोफोक्लीसही साधारण त्याच सुमारास वारला, नव्वदीत.

मराठी कानासाठी एक धोका मात्र आधी दिसला नव्हता. टायरेसियस येऊन सांगतो की होम पेटत नाही, कारण पक्ष्यांनी आणि कुत्र्यांनी त्या देहाचे तुकडे आणून वेद्या विटाळल्यात. आमच्यातल्या एकीनं विचारलं, ‘पण आपल्याकडे कावळा शिवला की बरं वाटतं ना?’ खरंच. दहाव्याला आपण पिंडाला कावळा शिवायची वाट बघत ताटकळतो. मुंबईत पारशी दोखम्यात देह पक्ष्यांच्या स्वाधीन करतात, तो त्यांचा पवित्र विधी आहे. पक्ष्यांत मुळात विटंबना नाही, ती रीत मोडण्यात आहे. सोफोक्लीसचा समकालीन इतिहासकार हेरॉडोटस हीच गोष्ट सांगतो. इराणचा राजा दारयवहू यानं आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर बापाचं प्रेत खाल? ते म्हणाले, कशानंही नाही. मग कल्लातियाई नावाच्या हिंदी लोकांना, जे बापाचं प्रेत खात असं तो म्हणतो, विचारलं, किती घेऊन जाळाल? ते ओरडले, असं अभद्र बोलू नका. हेरॉडोटस म्हणतो, नोमोस सगळ्यांचा राजा आहे. इथेही नोमोस. मी वहीत त्याच्यापुढे ‘दंडक’ लिहून पाहिलं. बसलं.

आणि मग ती तालीम, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

अँटिगनी प्रेताला पुरत नाही. एकटीला ते शक्य नाही. पहारेकरी येऊन सांगतो की कुदळीचा घाव नाही, फावड्यानं काढलेली माती नाही, गाडीचं चाक गेल्याची खूण नाही, जमीन कोरडी, कडक, नुसती वर धुळीची पातळ साय. ‘तहानलेली धूळ’ असा शब्द आहे. अभिवाचनात हे सगळं बोलण्यातच येतं, करून दाखवायचं नसतं. पण आमच्या मैत्रिणीला हाताला सवय हवी होती, म्हणून ती अंगणातली माती एका वाडग्यात घेऊन आली. बोलता बोलता तिनं मूठ भरली आणि फरशीवर सोडली. मागे बसलेले आमचे दुकानदार मित्र हलकेच म्हणाले, ‘मूठमाती दिली.’

मी हा शब्द शेकडो निबंधांत तपासलाय. ‘अनिष्ट रूढींना मूठमाती दिली पाहिजे.’ लाल पेन पुढे सरकतं. त्या क्षणापर्यंत त्या शब्दात मूठ आहे आणि माती आहे हे मला दिसलंच नव्हतं. आपण तो संपवण्यासाठी, गाडून टाकण्यासाठी वापरतो. मूळचं काम उलटं आहे. तू आमचा होतास, तुला असाच टाकला नाही, एवढं सांगण्यापुरती एक मूठ. राज्याविरुद्धचा एवढा मोठा गुन्हा, आणि त्याचं माप एक मूठ! मी भाषांतरात ‘दफन’, ‘अंत्यसंस्कार’, ‘अंत्यविधी’ असे शब्द लिहिले होते. अँटिगनीच्या वाट्याचे बहुतेक सगळे खोडले आणि ‘मूठमाती’ लिहिलं. क्रेऑनकडे मात्र ‘दफन’ ठेवलं. त्याला ते कागदावरच्या शब्दातच दिसतं.

एका उताऱ्यावर आमच्यात खूप वाद झाला. शेवटच्या बोलण्यात अँटिगनी म्हणते, नवरा मेला असता तर दुसरा मिळाला असता, मूल गेलं असतं तर दुसरं झालं असतं, त्यांच्यासाठी मी शहराविरुद्ध गेले नसते. पण आईबाप पाताळात आहेत, आता भाऊ पुन्हा होणे नाही. काहींना हे कापायचं होतं. मघाशी ती सगळ्या मेलेल्यांसाठी देवांच्या रीती सांगत होती आणि आता हिशेब मांडतेय, असं त्यांचं म्हणणं. जर्मन कवी गटेलाही हा उतारा खटकला होता. तो नकली आहे असं एखाद्या पंडितानं सिद्ध करावं, अशी त्याची इच्छा होती. पण अ‍ॅरिस्टॉटल त्यातल्या ओळी देतो, म्हणजे सोफोक्लीसनंतरच्या शतकात त्या होत्याच. मी ठेवल्या. मरायला निघालेली मुलगी तत्त्व शेवटपर्यंत एकसारखं बोलेल अशी अपेक्षा मला अन्यायाची वाटते. तत्त्व बोलून झालंय. आता तिला तो एक भाऊ आठवतोय. त्याच ओळींत ती विचारते, कुठल्या दंडकानं मी हे म्हणते? इतका वेळ देवांच्या दंडकांचा आधार घेणारी ही मुलगी इथे स्वतःपुरता एक दंडक सांगतेय. कोरसनं तिला थोडं आधी ‘आउतोनोमोस’ म्हटलेलंच असतं. आपल्याच दंडकानं चालणारी.

फेब्रुवारी 2024 मध्ये एका शाळेच्या सभागृहात वाचन झालं. साठेक खुर्च्या, त्यातल्या चाळीस भरल्या. दोन तास पाच मिनिटं. माईकनं दोनदा दगा दिला, तरी लोक बसून राहिले. क्रेऑन वाचणाऱ्यांनी टायरेसियसनंतरचं ते वाक्य, घालून दिलेल्या दंडकांचं, इतकं सावकाश म्हटलं की मला वाटलं ते पुढचं विसरले. विसरले नव्हते. मग क्रेऑन धावतो, आधी प्रेताकडे. उरलंसुरलं धुतो, हिरव्या फांद्यांवर दहन करतो, मायभूमीच्या मातीचा उंच ढीग रचतो, आणि मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीनं अंगावरच्या तलम वस्त्राचा फास घेतलेला असतो. दंडक पाळायला त्यानं सुरुवात केली ती मेलेल्यापासून, आणि जिवंत राहून गेली.

नंतर चहा घेताना लोक बोलत होते. कुणाला हायमॉन आवडला, कुणी राजकारणावर घसरलं. पहिल्या रांगेत बसलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. मला वाटलं त्या पाणी मागतायत. त्यांनी विचारलं, ‘त्या पोरीनं आदल्या रात्री माती घातली होती ना? मग दुपारी परत का गेली?’

हा प्रश्न मोठमोठ्या अभ्यासकांनी घोळवलाय. पहिल्या वेळी विधी अपुरा राहिला होता का, पहिली माती तिनं घातलीच नव्हती का, देवांनी घातली का, यावर पानंच्या पानं लिहिली गेलीत. मी त्यातलं थोडं सांगायला सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

‘शिपायांनी झाडून काढली होती ना ती,’ त्या म्हणाल्या. ‘परत उघडा पडला होता तो.’

मी हो म्हटलं. त्यांनी कप बाकावर ठेवला आणि पदराला हात पुसत जिना उतरायला लागल्या.